हेवी ड्यूटी पिकअप घ्यायचाय, गॅस घ्यावा का डिझेल? मागे ट्रेलर, समोर कोलोरॅडोचे घाट

तासगावकर_डेन्वर
नमस्कार मंडळी, वाचतो रोज पण धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही डेन्वरच्या दक्षिणेला राहतो, १४ वर्षं झाली. मूळ तासगाव, घरी द्राक्षबाग, त्यामुळं डिझेलचा आवाज लहानपणापासून कानात बसलाय, ब्लोअरचा ट्रॅक्टर म्हणा, विहिरीवरचं इंजिन म्हणा. आता इथं पिकअप बदलायची वेळ आलीय आणि महिनाभर रात्री एकेक वाजेपर्यंत हेच वाचतोय, तरी काही ठरेना.

आत्ता आमच्याकडं जुना हाफ टन पिकअप आहे (हे वर्गाचं नाव, सगळ्यात हलका), १ लाख ८० हजार माईल झालेत, मागं २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, ओढतो, भरल्यावर ६,८०० पौंड. जुलैमध्ये परत येताना डिलनपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंतचा आय-७० हायवेचा चढ लागला, ज्यांनी केलाय त्यांना माहितीय, ७ टक्के चढ, सात-आठ माईल सलग, आणि वर बोगदा ११ हजार फुटांवर. गाडी ४५ च्या वर जाईना, गिअरबॉक्सचं तापमान चढत चाललं म्हणून मीच ३५ वर आणली, पार्किंग लाइट चालू, उजव्या लेनमध्ये मालाच्या ट्रकांच्या मागं. मागं दोन्ही पोरं गप्प. बायको काही बोलली नाही पण दोन्ही हात डॅशबोर्डवर धरून बसलेली. तेव्हाच ठरवलं, ही गाडी आता बास.

आता मनात आहे फिफ्थ व्हील ट्रेलर (पुढचं टोक पिकअपच्या हौद्यात टेकतं तो), ३२ फुटी, जास्तीत जास्त वजन ११,५०० पौंड. त्याला हेवी ड्यूटीच लागणार, म्हणजे पाऊण टनी नाहीतर एक टनी. फोर्डमध्ये ७.३ लिटरचं गॅस व्ही८ आहे, ४३० हॉर्सपॉवर आणि ४८५ पाउंड-फूट टॉर्क. त्याच गाडीत ६.७ डिझेल घेतलं तर ४७५ हॉर्सपॉवर आणि टॉर्क डायरेक्ट १,०५०. जीएमकडं ६.६ चं गॅस आणि ६.६ चंच ड्युरामॅक्स डिझेल. रॅममध्ये ६.४ हेमी गॅस नाहीतर कमिन्स डिझेल. सगळीकडं डिझेलला १० हजार डॉलर, कुठं कुठं त्याहून जास्त वर द्यावे लागतात.

माझा वापर : ऑफिस ९ माईलवर, आठवड्यातून तीन दिवस. वर्षाचं सगळं मिळून ९ हजार माईल, त्यात ट्रेलर लावून अडीच हजार, मे ते सप्टेंबर. मित्रमंडळी सगळी एकच म्हणतात, डोळे झाकून डिझेल घे. तुम्ही काय म्हणता?

नारायणगाव_पिकप
दादा एक विचारू का, गॅस म्हणजे सीएनजी म्हणताय ना? आमच्याकडं पण हाच प्रश्न चाललाय, मी भाजीपाला वाशी मार्केटला नेतो, डिझेल पिकप आहे. सीएनजी परवडतंय पण पंपावर रांगेत दोन दोन तास जातात आणि माल नासका असतो, म्हणून डिझेलच ठेवलीय. ५०० पाउंड हजार पाउंड टॉर्क हे वाचून डोळे फिरले, आमची गाडी घाट चढते ती कशावर चढते मग 🙂

तासगावकर_डेन्वर
नाही हो, अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात, गॅसोलिनचं गॅस. घरी फोनवर बोलताना पण दरवेळी हाच घोळ होतो, आईला वाटतं आम्ही गाडीत सिलेंडर भरायला चाललो. त्यामुळं या धाग्यात गॅस म्हणजे पेट्रोल. आणि तुमच्यासारखा रोज लोड ओढणारा माणूस इथं हवाच आहे, लिहीत राहा.

सॅन_अँटोनियो_हॉटशॉट
मी हॉटशॉट करतो, म्हणजे एक टनी पिकअप, मागे चार चाकं, त्यामागे ४० फुटी गूजनेक ट्रेलर, त्याच्यावर पाईप, मशिनरी, कधी ट्रॅक्टर. टेक्सास, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको. वर्षाला ८०-९० हजार माईल होतात आणि त्यातले तीन चतुर्थांश लोडवर. अर्थात डिझेल. माझ्यासाठी हा प्रश्नच नाही, १६-१७ हजार पौंड मागे असताना गाडी १,६००-१,७०० आरपीएमवर शांत चालते, दिवसभर कानात घोंघावत नाही, संध्याकाळी माणूस माणसात असतो. गॅसवाला त्याच लोडला सारखा गिअर पाडतो आणि चार हजारावर ओरडत राहतो. इंजिनला त्याने काही होत नाही, ते त्यासाठीच बनवलंय, पण दहा तास ते ऐकणं वेगळं.

उतारावर तर डिझेलच. एक्झॉस्ट ब्रेक लावला की टर्बोच धूर अडवून गाडी धरून ठेवतो, ब्रेकला पाय लावायची वेळ कमी येते. न्यू मेक्सिकोत क्लाउडक्रॉफ्टहून अलामोगोर्डोला खाली उतरताना याची किंमत कळते.

पण तासगावकर, तुमचं रनिंग वाचून मी मनापासून सांगतो, माझ्यावर जाऊ नका. माझी गाडी सकाळी सुरू झाली की संध्याकाळी बंद होते. तुमची ९ माईल जाऊन थंड होणार, परत ९ माईल येऊन थंड होणार. डिझेलला ते सोसत नाही.

अजून एक, नव्या डिझेलवाल्या सगळ्यांसाठी. माझ्या पुतण्याने पहिल्याच महिन्यात ट्रक स्टॉपवर डेफ, म्हणजे धूर साफ करायचं युरियाचं पाणी, डिझेलच्या टाकीत घातलं. दोन्ही झाकणं शेजारी शेजारी, एक निळं एक हिरवं, रात्रीचे दोन वाजलेले. नशीब त्याने चावी फिरवली नाही, मला फोन केला. टोचन करून गाडी नेली, टाकी उतरवून धुतली, ९०० डॉलरमध्ये सुटला. इंजिन चालू केलं असतं तर ते पाणी पंपापासून नोझलपर्यंत सगळीकडे गेलं असतं आणि मग आकडा पाच अंकी. निळं झाकण म्हणजे युरिया, डिझेल भरताना दरवेळी हात लावून बघा.

पुणे_ते_कोलंबस
मी इंडियानात कोलंबसला असतो, कमिन्सचं मुख्यालय इथलंच. कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स झाली तेव्हापासूनचं पुण्याचं आणि या गावाचं नातं, त्यामुळे इथे मराठी घरं बरीच. मी एका सप्लायरकडे एक्झॉस्टच्या कामात आहे, डीपीएफ वगैरे माझा रोजचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टॉर्कचा गैरसमज. ४८५ विरुद्ध १,०५० बघून वाटतं डिझेल दुप्पट ताकदीचं. घाट किती स्पीडने चढणार हे हॉर्सपॉवर ठरवते, आणि तिथे कागदावर ४३० विरुद्ध ४७५ आहे, फरक फारसा नाही. टॉर्क जास्त म्हणजे तीच ताकद कमी आरपीएमवर मिळते. डिझेल आपले ४७५ साधारण २,६०० वर देतं, गॅसला ४३० साठी ५,५०० पर्यंत जावं लागतं. समुद्रसपाटीला दोन्ही गाड्या चढतील, एक पुटपुटत आणि एक ओरडत.

पण तुम्ही समुद्रसपाटीला नाही, खरी मेख इथे आहे. बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटाला साधारण ३ टक्के ताकद गमावतं कारण हवाच विरळ. डेन्वरलाच ५,२८० फूट आहेत, बोगद्याशी ११ हजार. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली, ४३० चे २९० राहिले. टर्बोवालं डिझेल विरळ हवा दाबून आत घालतं, त्याचं फारसं काही जात नाही. ११,५०० चा ट्रेलर घेऊन डिझेल तिथे स्पीड लिमिटने चढेल, गॅस ४५ च्या आसपास. धोका नाही, फक्त उजवी लेन.

आता दुसरी बाजू. २००७ पासून इथे डिझेल पिकअपला डीपीएफ आलं आणि २०१० पासून बहुतेकांना डेफ. डीपीएफ म्हणजे सिरॅमिकची जाळी, काजळी अडवते. ती भरली की इंजिन जादा डिझेल टाकून जाळी ५५०-६०० सेल्सिअसपर्यंत तापवतं आणि काजळी जाळतं, त्याला रिजन म्हणतात. त्यासाठी २०-२५ मिनिटं सलग हायवे लागतो. तुमचं ऑफिस ९ माईल. इंजिन गरम होतं न होतं तोच तुम्ही पार्किंगमध्ये. रिजन सुरू होणार, अर्धवट तुटणार, परत सुरू होणार. त्या अर्धवट रिजनचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. माझ्या टेबलावर ज्या चोंदलेल्या जाळ्या येतात ना, त्यातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या थोड्या. शाळेत पोरं सोडणाऱ्या, किराणा आणणाऱ्या गाड्यांच्याच जास्त. परवा एक कापली, अर्ध्याच्या वर भोकं काजळीने लिंपून बंद, दिवाळीच्या पणतीच्या कडेला काळं धरतं तसं, नखाने खरवडलं तरी निघेना.

आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला फिरवून आणणार असाल तर डिझेल घ्या. नाहीतर विचार करा.

ड्युलुथची_ताई
आमचं मत गॅस, आणि ते पैसे मोजून झालेलं मत आहे. मिनेसोटात ड्युलुथला आमचा छोटा बर्फ काढायचा धंदा आहे, नवरा आणि मी, दोन पिकअप, पुढे बर्फ ढकलायचा प्लाऊ. पहिला ट्रक डिझेल घेतला होता कारण सगळे म्हणाले हेवी ड्यूटी म्हणजे डिझेल.

पहिल्याच जानेवारीत पहाटे चारला पारा उणे २६ फॅरनहाइट. ट्रक सुरू झाला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि मेला. फिल्टर उघडला तर आत थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते ना, अगदी तस्सं पांढरट घट्ट. डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं. पंपावर हिवाळी मिश्रण मिळतं, वरून औषध टाकायचं, रात्री ब्लॉक हीटर प्लगला लावायचा, हे सगळं आम्ही नंतर शिकलो. पण त्या दिवशी दवाखान्याचं पार्किंग साफ करायचं होतं आणि सात वाजता लोक येणार होते. शेजाऱ्याचा ट्रक मागून घेऊन केलं, हात सुन्न झाले होते. युरिया तर १२ फॅरनहाइटलाच गोठतो, त्याच्या टाकीत हीटर असतो म्हणून चालतं, पण काळजी एक वाढतेच.

बर्फाचं काम म्हणजे पुढे मागे पुढे मागे, मग थांबून राहणं. कोलंबसवाले दादा म्हणतात तेच, जाळी भरणार. आणि डिझेल इंजिन नाकावर कित्येकशे पौंड जड, त्याच्यापुढे प्लाऊचं वजन, पुढच्या एक्सलची मर्यादा लगेच गाठते. पुढचे दोन्ही ट्रक गॅस घेतले. साधं इंजिन, ऑइल आम्ही घरी बदलतो, सकाळी चावी फिरवली की पाच मिनिटांत केबिन गरम. डिझेलची केबिन गरम होईपर्यंत आमचं पहिलं पार्किंग साफ झालेलं असायचं!

हिशेबनीस
थोडा हिशोब मांडू का, तासगावकरांच्याच आकड्यांवर. एक आधी, या गाड्यांच्या काचेवरच्या स्टिकरवर ॲव्हरेज लिहिलेलं नसतं, ८,५०० पौंडांच्या वरच्या पिकअपला तो सरकारी आकडा लागत नाही. त्यामुळे लोकांच्या अनुभवातून धरलेले आकडे घेतोय, गॅलनला माईल असे, रिकामी गॅस १३, डिझेल १७, ट्रेलरसकट गॅस ८, डिझेल ११. भाव गॅस ३ डॉलर, डिझेल ३.६० धरा, तुमच्याकडे वेगळे असतील तर बदला.

रिकामे ६,५०० माईल, ट्रेलरचे २,५००. गॅसला लागतील ८१२ गॅलन, म्हणजे २,४४० डॉलर. डिझेलला ६१० गॅलन, म्हणजे २,१९५. वर्षाला वाचले २४५ डॉलर. आता डिझेलचं ऑइल, फोर्डला १३ क्वार्ट, कमिन्सला १२, शिवाय दोन डिझेल फिल्टर, शिवाय युरिया. ते २४५ त्यातच गेले, कदाचित वरून घालावे लागतील.

म्हणजे ते १० हजार इंधनातून कधीच परत येणार नाहीत. विकताना काही येतील, डिझेलला गिऱ्हाईक चांगलं असतं हे खरं, पण पूर्ण नाही. डिझेलवर केंद्राचा टॅक्सही जास्त आहे, गॅलनला २४.४ सेंट, गॅसला १८.४. सॅन अँटोनियोवाल्यांच्या ८५ हजार माईलला हाच हिशोब केला तर इंधनातूनच साधारण तीन वर्षांत पैसे सुटतात. रनिंग बदललं की उत्तर पार उलटं होतं.

अर्थात घाटात पोरं मागे बसलेली असताना मनाला जी शांतता मिळते तिचा रकाना माझ्या कागदात नाही, ते तुम्हीच ठरवा.

फिनिक्स_रानडा
एवढा डीपीएफचा विचार करताय तर काढून टाका की. माझ्या ओळखीत दोघांनी डिलीट केलंय, जाळी काढली, युरिया बंद, ॲव्हरेज पण वाढलं म्हणतात.

पुणे_ते_कोलंबस
कृपया कुणालाही हे सुचवू नका. क्लीन एअर ॲक्ट, म्हणजे इथल्या हवा प्रदूषणाच्या कायद्याखाली ते सरळ बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि जिथे धुराची तपासणी आहे तिथे गाडी अडकते, डेन्वरच्या पट्ट्यात तपासणी आहेच. सरकार हा विषय किती गंभीरपणे घेतं ते बघा, डिसेंबर २०२३ मध्ये रॅमच्या डिझेल पिकअपमधल्या धुराच्या सॉफ्टवेअरवरून कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलर दिवाणी दंड मान्य केला, क्लीन एअर ॲक्टमधला तोवरचा सगळ्यात मोठा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती काजळी शेवटी कुणाच्या तरी छातीत जाते. मला दोन लहान मुली आहेत, मी हे काम त्याच भावनेने करतो.

नारायणगाव_पिकप
मंडळी सगळं वाचलं. टॉर्क झाला, ॲव्हरेज झालं, थंडी झाली. पण दादा, गाडीचं पासिंग किती आहे ते कुणीच विचारलं नाही!

आमच्याकडं गाडी घेताना पहिला प्रश्न तोच. सव्वा टन का दीड का पावणेदोन. इंजिन ओढतंय म्हणून माल टाकत गेलं की पाटे बसतात, टायर फुटतो, आणि आरटीओनी काट्यावर घेतली की पावती वेगळी. माझे पाटे एकदा टोमॅटोच्या सीझनला गेलेत, आळेफाट्याच्या पुढं, रात्री अकराला, १६० क्रेट होते. इंजिनला काय झालं नव्हतं, मस्त चालू होतं. खालचं सगळं बसलं.

तर तुमचा तो फिफ्थ व्हील हौद्यात टेकतो ना? मग त्याचं किती वजन गाडीवर येतं? आणि डिझेलचं इंजिन जड म्हणता, मग तेवढं पासिंग कमी होत असणार ना? आमच्याकडं सीएनजीच्या टाक्या चढवल्या की असंच होतं, टाक्यांचं वजन मालातून जातं. आधी काटा बघा दादा, मग इंजिन.

पुणे_ते_कोलंबस
शंभर टक्के. मी एवढं लिहिलं आणि हेच राहिलं. तासगावकर, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पांढरं-पिवळं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. तेच तुमचं पासिंग. ब्रोशरमधलं धरू नका, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, सनरूफ आणि चामड्याच्या सीटा सुद्धा त्यातून वजा होतात. फिफ्थ व्हीलचं २० ते २५ टक्के वजन थेट हौद्यावर येतं, मागून अडकवायच्या ट्रेलरचं १० ते १५.

तासगावकर_डेन्वर
शनिवारी डीलरकडं दोन तास फक्त दारं उघडून स्टिकर वाचत फिरलो. सेल्समन आधी मागं मागं होता, नंतर त्यानंही वही काढली.

पाऊण टनी, डिझेल, चार दारी, फोर बाय फोर, वरचं मॉडेल : २,२१३ पौंड.
तीच गाडी गॅस, मधलं मॉडेल : ३,१७६.
एक टनी डिझेल, मागं साधी दोन चाकं : ३,९८०.

आता माझा फिफ्थ व्हील. ११,५०० चे २२ टक्के धरले तर २,५३०. आम्ही चौघं ५६०. हौद्यातला हिच (ट्रेलर अडकवायचा जोड) १५०. कुलर, लाकडं, पोरांच्या सायकली २००. बेरीज ३,४४०. म्हणजे सगळे मित्र जी गाडी डोळे झाकून घे म्हणत होते, हजार पाउंड टॉर्कवाली पाऊण टनी डिझेल, तिच्यात ट्रेलर टेकवला की माणसं बसायच्या आधीच पासिंग संपतं. ओढायला ताकद आहे, अंगावर घ्यायला जागा नाही. गॅसवालीही थोडी कमीच पडते. एक टनी डिझेलच बसते, ती ८० हजाराच्या पुढं.

नारायणगाववाले दादा, तुमचे मनापासून आभार. सात समुद्र पलीकडून तुम्ही जे बघितलं ते मला महिनाभर इथं बसून दिसलं नाही. रात्री वडलांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले बैल कितीबी ताकदीचा असू दे, जू पेलायला मान लागते.

मिडलँड_मिरजकर
सेकंडहँड डिझेलचा विचार कुणी करत असेल तर माझा अनुभव लिहून ठेवतो, कंपनीचं नाव घेत नाही. ९६ हजार माईलचं डिझेल घेतलं, दिसायला नवरीसारखं. सहाव्या महिन्यात हायवेवर झटका बसला आणि बंद. हाय प्रेशर पंप आतून खरवडला गेला होता आणि त्याचा लोखंडी चुरा रेल, नोझल, टाकीपर्यंत सगळीकडे. मेकॅनिकने फिल्टरची वाटी माझ्या हातावर उलटी केली, तळव्यावर चांदीची बारीक रांगोळी पसरावी तसा चुरा. सगळी फ्युएल सिस्टीम बदलायची, ९,८०० डॉलर. आधीच्या मालकाने पाणी वेगळं करणारा फिल्टर कधी रिकामा केला होता की नाही देव जाणे. त्या पंपाला डिझेलचंच वंगण असतं, पाणी गेलं की संपलं.

आता घेताना मी आधी फिल्टरच्या पावत्या मागतो. पावत्या नाहीत तर गाडी नाही. आणि दर महिन्याला खालचा कॉक उघडून पाणी सोडतो, दोन मिनिटांचं काम आहे.

ड्युलुथची_ताई
मिरजकर, वाचूनच पोटात गोळा आला. गॅसचंही काही निघत नाही असं नाही हं, आमच्या एका ट्रकला प्लग आणि कॉइल बदलावे लागले, पण बिल ७०० डॉलरच्या आत. तासगावकर, मग काय ठरतंय?

तासगावकर_डेन्वर
ठरलं, घेतला, आणि एक ट्रिपही झाली, म्हणून उशिरा लिहितोय.

आधी ट्रेलर बदलला. ३२ फुटी फिफ्थ व्हीलचं मन होतं ते बायकोनंच मोडलं, ती म्हणाली आपण रात्री झोपायलाच आत जातो, दिवसभर बाहेरच असतो, एवढं घर ओढायचं कशाला. बरोबरच होतं. मागून अडकवायचा घेतला, जास्तीत जास्त ८,६०० पौंड. जिभेवर, म्हणजे पिकअपवर टेकणाऱ्या टोकावर, येणारं साधारण १,१००, आम्ही, हिच आणि सामान धरून दोन हजाराच्या आसपास. खरं सांगायचं तर आता ती २,२१३ वाली डिझेलही चालली असती, काठावर का होईना. पण ९ माईलचं ऑफिस, वर्षाला नऊ हजार रनिंग आणि हिशेबनीसांचा कागद, तिन्ही एका बाजूला आले. गॅस घेतला, ७.३ लिटर, मागं ओढायला जोर देणारा ४.३० चा एक्सल. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पुशरॉड, साधं पोर्ट इंजेक्शन, आमच्या विहिरीवरच्या इंजिनासारखं बघून कळतं काय कुठं आहे.

निघायच्या आधी ट्रक स्टॉपवर कॅट कंपनीच्या वजनकाट्यावर घेतला, सगळी माणसं, पाणी, सायकली धरून. पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रेलर, तिन्ही आकडे मर्यादेत. ती चिठ्ठी ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलीय.

परतताना त्याच चढाच्या पायथ्याला, सिल्व्हरथॉर्नला, चहा घेतला आणि चढाला लागलो. दोनदा गिअर पाडला, मग ४,३०० वर स्थिर झाला आणि वरपर्यंत तिथंच. आवाज आहे, खोटं कशाला सांगू, डिझेलवाले शेजारून सुळकन निघून जात होते. पण ५० खाली आला नाही आणि गिअरबॉक्सचं तापमान २१५ फॅरनहाइटला जे थांबलं ते तिथंच राहिलं. पार्किंग लाइट लावायची वेळ आली नाही.

सॅन_अँटोनियो_हॉटशॉट
अभिनंदन! चांगली निवड. आता बोगद्याच्या पलीकडे जॉर्जटाऊनकडे उताराचं सांगा, मला तीच काळजी होती, गॅसला एक्झॉस्ट ब्रेक नाही.

तासगावकर_डेन्वर
मलाही तीच होती. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारा) बोगद्यातच लावला आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर आदल्या दिवशी रिकाम्या मैदानात सेट करून घेतला होता. उतारावर एकदा ब्रेक दाबून ५५ वर आणला की गाडी स्वतःच गिअर पाडते आणि इंजिनवर धरते. साडेचार हजारावर गेलं तेव्हा धाकटा म्हणाला बाबा विमान. मध्ये तीन-चारदा ब्रेक लावावा लागला, दाबून सोडला, पाय टेकवून ठेवला नाही. डिझेलएवढं निवांत नाही, हे तुमचं बरोबर.

जॉर्जटाऊनला बाहेर पडून ट्रेलरच्या चारी चाकांच्या हबला हात लावून बघितला, कोमट होते, हात ठेवता येत होता. आख्ख्या ट्रिपचं ॲव्हरेज ८.४ आलं, हिशेबनीस, तुमच्या कागदात ८ आहे तिथं लिहून घ्या. बायको उतारभर तासगावला फोनवर होती, घरी छाटणी चालू झालीय, मजूर मिळेनात.